बोलले आणि दिसले

॥ श्री ॥
ता. ४ जानेवारी

ती. दादास,

ठमीचा साष्टांग नमस्कार. वि. वि. तुझं पत्र पोचलं. देवाच्या कृपेने आम्ही तिघं बरे आहोत. माझ्या कपाळाला चार टाके पडले होते, ते परवाच काढले. साबणाच्या पाण्यावरून जिन्यात पाय घसरला, एवढंच. फोनवर सांगितलं असतं, पण तुझ्या कानांत इंजिनांनी जन्माचं घर केलंय. मी एक सांगायचं आणि तू भलत्यालाच आशीर्वाद द्यायचास. त्यापेक्षा कागद बरा.

ह्यांचं काम तेच. धावपट्टीवरचं गवत कापायचं, कुत्री हाकलायची, विमानांत इंधन भरायचं. वारा दाखवणारी खांबावरची पिशवी फाटली की उतरवून माझ्यापुढे टाकतात, मी शिवून देते. नवी मागवायला ऑफिसातला कारकून सहा महिने लावतो.

तुझी भाची पाकोळी आता विमान शिकवणाऱ्या मास्तरांशिवाय, एकटीने उडते. तू ऐकून खूश होशील. मी खूश आहे असं लोकांना सांगते. खरं विचारशील तर माझा त्या आकाशातल्या एकाही माणसावर विश्वास नाही. इथे मनोरा नाही. वर बसून तू आधी ये, तू थांब, असं सांगणारं कोणी नाही. जो तो रेडिओवर स्वतःचं स्वतःच बोलतो, मी इथे आहे, मी तिथे वळतोय, आणि उतरतो. बिनकारभाऱ्याचं घर किती दिवस चालतं ते आपण मोठ्या काकांकडे पाहिलंय.

त्यातून तो फवारणीवाला. शेतांवर औषध मारतो ना, त्याचं जुनं लाल विमान. फेरा न घालता सरळ नाकासमोर येऊन उतरतो. रेडिओवर चार शब्द तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. खाली उतरला की कोणाशी बोलत नाही, ह्यांच्याकडून इंधन घेतो आणि चालता होतो. मला तो माणूस पहिल्यापासून आवडत नाही. एक दिवस हा माझ्या पोरीच्या अंगावर येईल असं राहून राहून वाटतं.

ह्यांनी विमानांच्या क्लबच्या भंगारातून एक ऐकण्याचा रेडिओ आणलाय. चिकटपट्ट्या गुंडाळून चालू केला. सकाळची भजनं संपली की मी स्वयंपाकघरात तोच लावते. सगळ्यांचं ऐकू येतं, पण खरखरीत आणि निम्मं अर्धं. तेव्हा तू मला नीट लिही, सांगणारं कोणी नसेल तिथे विमानाने कसं यायचं असतं? मला कळलं म्हणजे कोण चुकतोय तेही कळेल.

बाकी ठीक. वहिनींना नमस्कार. बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठमी

---

ता. ११ जानेवारी

चि. सौ. ठमीस,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. मागच्या बाजूला साबण, काडेपेटी, दोन किलो साखर असंही वाचलं; ते मला आणायचंय की कागद वाचवलास? तुझी वहिनी म्हणते, ठमी नोटेच्या मागेसुद्धा पत्र लिहील.

आता धडा. पाटी घे. धावपट्टीच्या एका अंगाला एक लांबट चौकोन काढ. त्या चौकोनाच्या कडेने, हजार फुटांवर, सगळे डावीकडे वळत फिरतात. पट्टीला समांतर, वारा पाठीशी घेऊन जायची ती बाजू डाउनविंड. तिथून पहिलं वळण घेतलं की आडवी बाजू, ती बेस. आणखी एक वळण घेतलं की पट्टी नाकासमोर, ती फायनल. तुमची गच्ची बरोबर डाउनविंडच्या मधोमध येते. तुमची पाण्याची टाकी बघून मी स्वतः तीन वर्षं वळत होतो.

बाहेरून येणाऱ्याने या चौकोनात कुठूनही शिरायचं नाही. आधी पाचशे फूट जास्त उंचीने पट्टीवरून आडवं जायचं. पिशवी बघायची, वारा कुठला ते ठरवायचं, फेऱ्यात कोण कोण आहे ते मोजायचं. मग फेऱ्याच्या पार बाहेर जायचं, तिथे उंची उतरवायची, वळायचं आणि तिरकं येऊन डाउनविंडच्या मधोमध शिरायचं. तिरकं का? तर तू सगळ्यांना दिसतेस आणि सगळे तुला दिसतात. कोणाच्या डोक्यावर उतरायचं नाही, कोणाच्या पोटाखालून यायचं नाही. गल्लीतून मोठ्या रस्त्यावर येतेस तशी ये. घराची भिंत फोडून नको.

याला सहा-सात मिनिटं जास्त लागतात. तेवढ्यासाठी माणसं आडवाट धरतात.

दुसरी गोष्ट. रेडिओवरचं बोलणं म्हणजे फक्त बोलणं. ऐकायचं, पण मान फिरवून बघायचं. बत्तीस वर्षं पोरांना हेच ओरडून सांगितलं, त्यातच कान गेले.

फवारणीवाल्याबद्दल म्हणशील तर सरळ येणं चांगलं नाही, पण सरळ येतोय असं सांगून येत असेल तर निदान माणूस खोटा नाही. उगाच कोणाच्या नावाने बोटं मोडू नकोस. आणि मास्तर माझ्या हाताखाली शिकलाय. आळशी आहे, लबाड नाही.

तुझी कपाळाची जखम भरली का? साबणाचं पाणी जिन्यात कशाला गेलं, तेही कळव. तुमच्या मोरीला दार आहे असं माझ्या आठवणीत आहे.

मेहुण्यांना नमस्कार, पाकोळीला पाठीवर थाप. भावाला विसरू नये, एवढंच मागणं.

तुझा,
दादा

---

॥ श्री ॥
ता. २ फेब्रुवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार वि. वि. तुझा धडा तीनदा वाचला. मॅट्रिकला भूमितीत मला बरे मार्क होते, तेव्हा चौकोन डोक्यात बसला.

मग एक केलं. घरखर्चाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी वाया जातात. तिथे दोन रकाने आखले. एकात बोलले, दुसऱ्यात दिसले. रेडिओवर कोण काय म्हणतो ते पहिल्यात, आणि गच्चीवर जाऊन विमान खरं कुठे दिसतं ते दुसऱ्यात. ह्यांनी पाहिलं तर म्हणाले की आता वरच्यांनाही तुझ्याकडून पावती घ्यावी लागणार. हसू देत. जिथे कोणी बघत नाही तिथे कोणीतरी बघावं.

तर ऐक. फवारणीवाला, ज्याच्यासाठी वही उघडली, तो खरा निघाला. मला फार राग आला. अकरा वेळा आला. चारदा सरळ, तेव्हा सरळ येतोय असं पुटपुटून. बाकीच्या वेळी नीट टाकीवरून. मला वाटतं, त्याला कळलंय की मी गच्चीवरून बघते. लोक बघणाऱ्यासमोर चांगलेच वागतात.

मास्तर दोनदा पट्टीवर आलो म्हणाले आणि पट्टीच्या बरेच अलीकडे होते. त्यांचा मळखाऊ सदरा आणि ते गोड बोलणं, मला तेही खटकतं. आणखी एक म्हणजे पोरं उडत असली की मास्तर ऑफिसात पंख्याखाली बसतात, टेबलावर रेडिओ, हातात चहा. कानाने शिकवतात. मान वर करून बघत नाहीत.

तिसरं पिवळं विमान. शिकणारी चार पोरं आळीपाळीने नेतात. ते पाच वेळा डाउनविंडच्या मधोमध शिरलो असं बोललं, आणि आमच्या टाकीवर आभाळ स्वच्छ. चिमणीसुद्धा नाही. दोन मिनिटांत पाहावं तर विटांच्या भट्टीच्या धुराड्यावरून, म्हणजे बेसवर, बाहेरून थेट आत. पाचही वेळा तसंच.

दादा, असं कोणी केलं तर ते किती वाईट? म्हणजे शिकणाऱ्याची चूक म्हणून सोडून देण्यासारखं असतं का? लवकर लिही.

मोरीला दार आहे, पण ते फुगलंय. बहिणीची आठवण ठेवावी.

तुझी,
ठमी

---

ता. ८ फेब्रुवारी

चि. ठमीस,

आशीर्वाद. आज थट्टा नाही.

चूक म्हणजे जागा चुकणं. एकदा चुकेल, दोनदा चुकेल. पाच वेळा बोलायचं एक आणि करायचं एक, याला मी चूक म्हणत नाही. फेऱ्यातला दुसरा माणूस ऐकतो की पिवळं माझ्या मागे, आत्ता मधोमध शिरलंय. तो निर्धास्त बेसला वळतो. आणि पिवळं त्याच्या काचेत असतं. मी अशा दोन विमानांचे तुकडे वेचलेत. अजून त्या वासाने जाग येते.

फवारणीवाल्याचं तू नाव घेऊन लिहिलंस, मास्तरचा सदरासुद्धा लिहिलास. पिवळ्यातला आवाज कोणाचा ते मात्र लिहिलं नाहीस. दळणवाल्याने दोन मुठी कमी दिल्या तर त्याच्या आजोबांपर्यंत जाणारी तू.

कोणाचा आवाज आहे, ठमे? मला लिही, नाहीतर मास्तरला सांग. वाट बघू नकोस.

दादा

---

॥ श्री ॥
ता. १६ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार. तुझं पत्र हातात पडलं ते तेराव्या तारखेला दुपारी, आणि जे व्हायचं ते त्याच सकाळी होऊन गेलं होतं. पाकोळी सुखरूप आहे, हे आधी लिहिते.

मी गच्चीवर होते. फवारणीवाला आमच्या टाकीवरून गेला, नीट. पुढे भट्टीकडे पोचत होता तेवढ्यात खालून रेडिओवर पिवळ्याचा आवाज आला की मधोमध शिरतेय. तो बेसला वळला. आणि धुराड्याच्या पलीकडून पिवळं आडवं त्याच्यासमोर. त्याने नाक असं खाली घातलं की मला वाटलं गेला. पिवळ्याच्या पोटाखालून सुटला. मध्ये किती अंतर होतं ते मला सांगता येणार नाही. मी डोळे मिटले होते.

इंजिनाची किंचाळी ऐकून सगळे बाहेर धावले. त्यांना काय दिसलं, तर लाल विमान पिवळ्याच्या खालून घुसतंय. झालं. मास्तर शपथेवर सांगतात की पोरगी बरोबर जागी होती, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. कारकून म्हणतो की हा माणूस पहिल्यापासूनच बेशिस्त. सत्तावीस तारखेला क्लबच्या समितीची बैठक आहे. फवारणीवाल्याला या पट्टीवर उतरायची बंदी करणार. आजूबाजूला त्याला दुसरी पट्टी नाही, म्हणजे धंदाच बसला. परवा तो इंधनाचे डबे परत करायला दारात आला होता. ह्यांना म्हणाला, मी बोलण्यात आखडता हात घेतो हे खरं, पण बोलतो तिथेच असतो. मी आतून ऐकलं आणि बाहेर आले नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर. आवाज तिचा आहे. पहिल्या दिवसापासून मला कळलं होतं. रेडिओ कितीही खरखरला तरी पोटच्या पोरीचा आवाज आईला कळत नाही होय? वहीत मी नुसतं पिवळं असं लिहिलं. म्हटलं, नाव शाईने लिहिलं की खोडता येत नाही.

अजून मी तिला काही विचारलेलं नाही. पण माझं मन थाऱ्यावर नाही. पोरगी खोटं का बोलते? कोणाला भेटायची घाई असते हिला? तिच्यानंतर ज्याचा नंबर असतो तो मुलगा फार हसरा आहे. परवा ती आंघोळीला गेल्यावर मी तिची पिशवी पाहिली. देव मला क्षमा करो. नकाशा, पट्टी, एक खोडरबर आणि आल्याच्या वड्या निघाल्या. वड्या तिला आवडत नाहीत. मग कोणासाठी?

मला ती सांगणार नाही. तुला सांगेल. तू तिला लिही. लिफाफ्यावर क्लबचा पत्ता घाल, घरचा नको.

एवढा भार उचल.

ठमी

---

ता. २१ फेब्रुवारी

ती. मामास,

पाकोळीचा नमस्कार. तुझं पत्र क्लबवर मिळालं. एकच ओळ लिहिलीस, खरं सांग म्हणून. सांगते.

चूक माझी आहे, फवारणीकाकांची नाही. मी टाकीवर नव्हतेच. मी भट्टीच्या बाहेरून आत शिरत होते. मास्तर ऑफिसात नुसतं ऐकतात, म्हणून त्यांना जे ऐकायचं असतं ते मी बोलायचे. मला ते लाल विमान दिसलं तेव्हा त्यातल्या काकांची दाढीसुद्धा दिसली. मी काहीच केलं नाही रे मामा. हात गोठले. जे केलं ते त्यांनीच केलं.

का, ते फक्त तुला. आईने नेम धरलाय. मी वर असेपर्यंत ती तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही. नाश्त्याआधी निघाले तर नाश्ता नाही, दुपारी निघाले तर जेवण नाही. उन्हात गच्चीवर उभी, ओठांत जप. डिसेंबरात मी पहिल्यांदा लांबच्या गावी एकटी जाऊन आले, तेव्हा परतायला उशीर झाला. माझ्याआधी फेऱ्यात तिघं होते. खाली उतरले तर बाबा दिसले नाहीत. आई घेरी येऊन जिन्यावरून कोसळली होती. कपाळाला टाके. ती साबणाचं पाणी म्हणते. बाबांनी मला खरं सांगितलं आणि तिला कळू देऊ नकोस म्हणाले. आमच्या घरात सगळे एकमेकांना जपायला एकमेकांपासून लपवतात.

तेव्हापासून वर गेले की मला घड्याळ दिसतं. पट्टीवरून आडवं जा, लांब जा, उतर, वळ, तिरकं ये. ती सात मिनिटं म्हणजे आईची सात मिनिटं वाटतात. भट्टीकडून आलं की वाचतात. आल्याच्या वड्या घेऊन फिरते. उतरले की पळत घरी जाते आणि आधी तिच्या तोंडात एक कोंबते. तिला वाटतं, पोरगी लाडात आलीय.

बैठकीत मी सांगणार आहे. कागदावर लिहून ठेवलंय, कारण उभी राहिले की माझी वाचा बसते. पण नेमाचं कोणाला सांगणार नाही. आईला दोष लागेल. तूही तिला सांगू नकोस.

मामीला नमस्कार. माझ्यावर रागाव, पण तोडू नकोस.

तुझी,
पाकोळी

---

ता. २३ फेब्रुवारी

चि. ठमीस,

आशीर्वाद. पोरीने सांगू नकोस असं लिहिलंय, म्हणूनच सांगतोय. तुमच्या घरातलं हे लपवणं आता मी बंद करतो.

ती कोणाला भेटायला घाई करत नाही. तुला पाणी प्यायला मिळावं म्हणून घाई करते. जिन्यात साबण नव्हता, हे मला मोरीच्या दारावरूनच कळलं होतं. तिला तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे. वड्या तुझ्यासाठी आहेत, वेडे.

देवाने तुझ्याकडे हा उपास मागितला होता का, ते तुझं तू त्याला विचार. मला त्यातलं कळत नाही. मला एवढं कळतं की वर असलेल्या माणसाला खालची काळजी चिकटली की तो वाऱ्याची पिशवी बघत नाही.

सत्तावीस तारखेला ती स्वतः बोलणार आहे. तिला बोलू दे. तू गप्प बसायचंस. वही घरी ठेवून जा.

दादा

---

॥ श्री ॥
ता. १ मार्च

ती. दादास,

साष्टांग नमस्कार वि. वि. तुझं पत्र वाचल्यावर बैठकीपर्यंत मी पाकोळीच्या नजरेला नजर देऊ शकले नाही. तिला वाटलं, मी तिच्यावर चिडलेय. मी तिला वड्यांबद्दल काही बोलले नाही. तिने दिली की खायची आणि मान वळवायची.

वही घरी ठेवून जा, असं तू लिहिलं होतंस. मी पिशवीत घालून नेली. वरून रुमाल टाकला.

क्लबच्या खोलीत लांब टेबल, त्याला मेणकापड. अध्यक्ष, मास्तर, कारकून एका बाजूला. फवारणीवाला दाराजवळच्या स्टुलावर, टोपी गुडघ्यावर. पाकोळी खिडकीशी. हे माझ्या शेजारी. मास्तरांनी कानांची शपथ पुन्हा घेतली. अध्यक्षांनी फवारणीवाल्याला विचारलं की तुम्हाला काही सांगायचंय का. तो म्हणाला, मी बेसवर होतो. बस्स. एवढंच. मला त्याचा राग आला. अरे बाबा, दोन वाक्यं जास्त बोललास तर काय इंधन जळतं?

मग अध्यक्षांनी पाकोळीकडे पाहिलं. ती उभी राहिली. हात खिशात. तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. मी मनात अंक मोजत होते. एक, दोन, तीन... अकरापर्यंत आले. कारकुनाने टाक उचलला. दादा, मला वाटलं ही बोलत नाही. ही गप्प बसणार, आणि तो दाढीवाला टोपी घालून निघून जाणार. माझा माझ्या पोरीवर विश्वास बसला नाही. मी उठले आणि वही मेणकापडावर उघडून ठेवली. सगळं वाचून दाखवलं. तारखा, वेळा, बोलले काय, दिसले काय. शेवटी पिवळ्यात कोण होतं ते, नाव घेऊन.

 मग पाकोळीने खिशातून हात काढला. त्यात घडीचा कागद होता. तिने तो माझ्या वहीवर ठेवला आणि म्हणाली की मीच सांगत होते, आई. आणि बाहेर गेली.

कागदावर तेच होतं. माझ्या वहीपेक्षा कडक शब्दांत. नेमाचा उल्लेख नव्हता. म्हणून मी पुन्हा उभी राहिले आणि तेही सांगितलं. एकदा उठलेली बाई बसते होय. मास्तरांनी खाली पाहिलं. ह्यांनी माझा हात धरला, चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदा.

निकाल असा. फवारणीवाल्याला बंदी नाही, पण सरळ येणं बंद, फेरा घालूनच यायचं. पाकोळीचं एकटीचं उडणं दोन महिने बंद. मास्तरांनी यापुढे पोरं वर असताना बाहेर पिशवीच्या खांबाशी खुर्ची टाकून बसायचं. चहा तिकडेच मिळेल.

बाहेर आल्यावर फवारणीवाला आपणहून बोलला. मी त्याची माफी मागितली, दारात पाणी विचारलं नाही त्याचीसुद्धा. तो म्हणाला, पोरगी भट्टीकडून येते आणि आई बैठकीत मधूनच घुसते, तुमच्या घरात फेरा घालून कोणी येतच नाही का? ह्यांना एवढं हसू आलं. मला आलं नाही. खरं बोलला.

पाकोळी माझ्याशी बोलत नाही. ताट वाढलं की जेवते. ताट घासते. खोट्याबद्दल शिक्षा झाली त्याचा तिला राग नाही. मी तिच्या आधी उठले त्याचा आहे. अकराच्या पुढे आणखी दोन अंक मोजले असते तर काय बिघडलं असतं?

तुझं ऐकलं नाही. तरी टाकू नकोस.

तुझी,
ठमी

---

॥ श्री ॥
ता. ५ मे

ती. दादास,

साष्टांग नमस्कार वि. वि. दोन महिने पाकोळी मास्तरांशेजारी खांबाशी बसून दुसऱ्यांची विमानं बघत होती. घरात कामापुरतं बोलायची, मीठ आहे, दार लावलं, येते. वड्या बंद.  

नेमाचं म्हणशील तर देवापुढे बसून सांगितलं, हा नेम धरताना मी पोरीला विचारलं नव्हतं, तेव्हा तो परत घे. काही वाईट घडलं तर ते माझ्या अंगावर घाल. असं म्हटल्यावर लक्षात आलं की मी पुन्हा सौदाच करतेय. मग नुसतं, परत घे, एवढंच म्हटलं आणि उठले.

काल ती पुन्हा एकटी वर गेली. निघताना ह्यांना सांगून गेली, मला नाही. मी ताट वाढून घेतलं. घास घशाखाली उतरेना, पाण्याबरोबर ढकलला. रेडिओ लावला होता. तिचा आवाज आला. पट्टीवरून आडवी जातेय. मग बराच वेळ काही नाही. तेवढ्यात भाजी गार झाली. मग, उतरून वळतेय. मग, तिरकी येतेय, मधोमध शिरतेय. दादा, गच्चीचा जिना माझ्यापासून सहा पावलांवर. माझे पाय दोनदा उठले. मनात म्हटलं, हीच वेळ आहे, बघ वर कोणी आहे का. नाही गेले. खुर्ची घट्ट धरून बसले. बोलले खाली सगळं नीट लिहिलं. दिसले खाली काही लिहिलं नाही.

ती घरी आली, हातपाय धुतले. वही मांडणीवर उघडीच होती. तिने पान पाहिलं. मग म्हणाली की आई, आजचा रकाना रिकामा का? मी म्हटलं, तू सांगितलंस ना, मग बघायचं कशाला. मला वाटलं, पोरगी आता विरघळेल.

कसली विरघळतेय. कमरेवर हात ठेवून मला झाडलं. म्हणाली की मामाने शिकवलेलं एवढ्यात विसरलीस? रेडिओवरच्या बोलण्यावर कोणी विसंबतं का? मी आज खरं बोलले, उद्या चुकले तर कोण सांगणार? तू गच्चीवर जायचं, बघायचं, लिहायचं, आणि चुकले तर रात्री मला वाचून दाखवायचं. दोन महिने मी खांबाशी बसले, तुझ्याइतकं नीट कोणी बघत नाही. मास्तरांना डुलकी लागते.

आणि मग म्हणाली, बघायचं तर बघ, पण जेवून बघ.

आज सकाळी सात वाजता ती निघाली. मी आधी नाश्ता केला, तो तिच्यासमोर, ती दाराशी उभी राहून शेवटच्या घासापर्यंत बघत होती. संशयी आहे पोरगी, कोणावर गेली देव जाणे. मग मी वर गेले.

वहिनींना नमस्कार. उन्हाळ्यात या दोघं. टाकीजवळ सावलीला दुसरी खुर्ची ठेवलीय. आजवर दिलंस तेवढंच प्रेम पुढेही दे, जास्त मागत नाही.

तुझी,
ठमी